रबाबाची साथ : भाई मर्दाना आणि गुरू नानकांची शिकवण



गुरू नानकांचे एक चित्र आपणांपैकी बहुतेकांनी कोठे ना कोठे पाहिले असेल. वृक्षाच्या छायेत शुभ्र दाढीची एक शांत मूर्ती बसलेली आहे. एका बाजूस एक भक्त चवरी ढाळीत आहे आणि दुसऱ्या बाजूस, आसनापासून किंचित खाली, एक मनुष्य मांडीशी तंतुवाद्य घेऊन बसला आहे. चवरी ढाळणारा तो भाई बाला आणि वाद्य वाजविणारा भाई मर्दाना. पाहणाऱ्याची दृष्टी मध्यावरील मूर्तीवर स्थिरावते, आणि ते स्वाभाविकच आहे. आज मात्र ती दृष्टी थोडा वेळ त्या वादकाकडे वळवावी, अशी माझी आपणांस विनंती आहे. गुरू नानकांनी जे शिकविले ते एका माणसाच्या भुकेशी, तहानेशी, घरच्या ओढीशी आणि शंकांशी झगडत शिकविले. तो माणूस मर्दाना होय.

प्रथम साधनांविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. गुरू नानकांच्या जीवनाची माहिती मुख्यतः जनमसाखी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कथासंग्रहांतून मिळते. आज ज्या अर्थाने आपण चरित्र हा शब्द वापरतो त्या अर्थाने ही चरित्रे नव्हेत. भक्तांनी भक्तांसाठी सांगितलेल्या या कथा आहेत. त्यांत चमत्कार आहेत, कालविपर्यास आहेत आणि एकाच प्रसंगाची परस्परांशी न जुळणारी रूपेही आहेत. भाई बाला ही व्यक्ती खरोखर होऊन गेली की नाही याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मर्दान्याच्या बाबतीत तशी शंका घेण्याचे कारण नाही. १६०४ साली आदिग्रंथाची संहिता ज्यांच्या हातून लिहिली गेली त्या भाई गुरदासांनी आपल्या वारांमध्ये बालाचे नावही घेतलेले नाही. मर्दान्याचा उल्लेख मात्र ते गुरूंचा सहप्रवासी आणि रबाबी म्हणून स्पष्टपणे करतात. पुढे १७३३ मध्ये आलमचंद राज या चित्रकाराने सजविलेल्या जनमसाखीच्या हस्तलिखितातही रबाब घेतलेली त्याची आकृती वारंवार आढळते. कथा खऱ्या असोत वा रचलेल्या, त्या सांगणाऱ्यांना मर्दान्याशिवाय नानकांची कल्पना करता येत नव्हती, एवढे त्यांवरून निश्चित दिसते.

परंपरेनुसार मर्दान्याचा जन्म १४५९ चा. गाव राय भोईची तळवंडी. हेच आज पाकिस्तानातील नानकाना साहिब होय. गुरूंचा जन्म १४६९ चा. तेव्हा मर्दाना त्यांच्याहून दहा वर्षांनी वडील ठरतो. तो जातीने मिरासी होता. 'मिरास' या शब्दाचा अर्थ वारसाहक्क. गंमत अशी की दक्षिणेत हा शब्द जमिनीच्या वंशपरंपरागत हक्काला लागला आणि मिरासदार गावात मानाने वावरू लागला. पंजाबातील मिरासी मात्र ज्याचा वारसा जपत तो दुसऱ्यांचा असे. यजमान घराण्याच्या वंशावळी तोंडपाठ ठेवाव्यात, लग्नकार्यात त्यांची कीर्ती गावी, आणि जे मिळेल त्यावर घर चालवावे, असे त्यांचे जिणे होते. धर्माने मुसलमान, कलेने गवई आणि सामाजिक दृष्ट्या अत्यंत खालच्या पायरीवर गणला गेलेला हा वर्ग. एरवी अशा माणसाने एका खत्री कुटुंबातील मुलाच्या दारात बिदागीसाठी गायचे आणि परत फिरायचे. येथे तसे घडले नाही. पुढे शीख परंपरेने त्याच्या नावामागे 'भाई' ही उपाधी लावली, ती आजतागायत कायम आहे.

नानक सुलतानपूर येथे नवाब दौलतखान लोदीच्या कोठारावर नोकरीस होते. त्यांची बहीण बेबे नानकी आणि मेहुणे जयराम तेथेच राहत. मर्दाना तळवंडीहून तेथे येऊन मिळाला. बेईं नदीत स्नानाला गेलेले नानक तीन दिवस दिसेनासे झाले आणि परत आल्यावर त्यांनी हिंदू व मुसलमान हा भेदच नाकारला, ही कथा सर्वश्रुत आहे. त्यानंतर नोकरी सोडून त्यांनी प्रवासाची तयारी केली. मर्दान्याला चांगली रबाब हवी होती. तिच्यासाठी बहिणीने पैसे दिले, असे परंपरा सांगते. हा तपशील मला फार अर्थपूर्ण वाटतो. जगाच्या उद्धारासाठी निघालेल्या माणसाच्या पहिल्या शिदोरीत अन्न नव्हते, वस्त्रे नव्हती. होते ते एक वाद्य.

रबाब म्हणजे कोरलेल्या लाकडाचे, वर चामडे ताणलेले आणि नखीने छेडायचे तंतुवाद्य. ते गुरूंना का हवे होते, हे समजण्यासाठी त्यांची रचना कशी आहे हे लक्षात घ्यावे लागते. गुरू नानकांची वाणी १९ रागांत बांधलेली आहे. ग्रंथाची मांडणीही विषयवार नसून रागवार आहे. म्हणजे राग हा येथे नंतर चढविलेला अलंकार नव्हे. शब्द ज्या भूमीतून उगवतो ती भूमीच होय. जनमसाख्यांत पुन्हा पुन्हा असे येते की गुरूंना आतून काही स्फुरू लागले की ते मर्दान्याला प्रथम रबाब छेडावयास सांगत आणि मग गात. आधी स्वर, मग शब्द, असा तो क्रम असे. मर्दान्याला 'साथीदार' म्हणताना ही गोष्ट विसरता कामा नये.

परंतु या थोर वादकाला भूक लागे. किंबहुना जनमसाखीतील मर्दाना जितक्या वेळा वाजवितो, जवळजवळ तितक्याच वेळा तो भुकेची तक्रार करतो. काही आधुनिक भाष्यकारांना याचा संकोच वाटतो. ते हे प्रसंग विनोदी म्हणून बाजूस सारतात. माझ्या मते येथेच खरा गाभा आहे.

एक प्रसंग पाहा. अरण्यातून जाताना मर्दान्याला भूक असह्य होते. गुरू त्याला एका झाडाची फळे खाण्यास सांगतात. पोटभर खा, पण बरोबर काही घेऊ नकोस, असे बजावतात. फळे इतकी गोड लागतात की मर्दाना काही लपवून घेतो. पुन्हा कोणास ठाऊक केव्हा मिळतील! दुसऱ्या वेळी भूक लागताच तो ती तोंडात घालतो आणि तत्काळ कोसळतो. फळे मुळात विषारीच होती. गुरूंच्या शब्दाने ती तेवढ्यापुरती गोड झाली होती. गुरू त्याला सावध करतात. एखाद्या सामान्य बोधकथेत येथे शिष्याने क्षमा मागितली असती आणि कथा संपली असती. मर्दाना क्षमा मागत नाही, तो चिडतो. आम्ही डोम, मागून मिळेल ते खाऊन जगणारे. तुम्ही मोठे पुरुष, तुम्हांला खाण्यापिण्याची गरज नाही. तुमचे आमचे कसे जमावे? मला निरोप द्या, असे तो स्पष्ट सांगतो. गुरू त्याला राहण्याची विनंती करतात. तेव्हा तो अट घालतो : जो तुमचा आहार तोच माझा करा, माझी भूक मिटवा, आणि माझ्या कर्मांकडे पाहू नका. हे कबूल असेल तर राहतो. गुरू ते कबूल करतात.

शिष्याने अट घालावी आणि गुरूंनी ती मान्य करावी, हे आपल्या गुरुशिष्य-कल्पनेत सहज बसणारे नाही. अट नीट पाहिली की तिच्यात मागणी कोणती आहे हे कळते. गुरूंचा आहार म्हणजे नाम. मर्दान्याने ईश्वरभक्तीची दीक्षा मागितली, ती पोटाच्या भाषेत मागितली. गुरूंनीही तिला उच्च-नीच न ठरविता त्याच भाषेत उत्तर दिले. संचय करू नये, आज जे मिळाले ते आज पुरेसे मानावे, ही शिकवण गुरूंच्या पदांत अनेक ठिकाणी आहे. पण लपविलेल्या चार फळांइतकी ती अन्यत्र स्पष्ट झालेली नाही.

एकदा तो एका गावात जातो. लोक भारावून जातात. कपडे, पैसे यांचे गाठोडेच्या गाठोडे त्याच्या पाठीवर लादतात. ते घेऊन तो परत येतो, तेव्हा गुरू हसता हसता जमिनीवर लोळतात, असे वर्णन आहे. हे काय आणलेस, असे विचारताच तो म्हणतो की आपल्या नावाने मिळाले, आपल्यासाठीच आणले. गाठोडे टाकून देण्यास सांगितले जाते आणि तो टाकून देतो. परमपुरुषाचे हे खळखळून हसणे कथाकाराने नोंदवून ठेवले याबद्दल आपण त्याचे ऋणी आहोत. दुसऱ्या एका गावात या दोघांना कोणी आसरा देत नाही. हे गाव असेच नांदो, असे गुरू म्हणतात. पुढच्या गावी उत्तम आदरातिथ्य होते. हे गाव उजाड होवो, येथील लोक दाही दिशांना विखुरले जावोत, असे ते म्हणतात. मर्दान्याला राहवत नाही. तुमच्या दरबारातला न्याय अजब आहे, असे तो तोंडावर सांगतो. तेव्हा उत्तर मिळते की वाईट माणसे जागच्या जागी राहिलेली बरी, आणि चांगली जेथे जेथे जातील तेथे चांगुलपणा नेतील. मर्दान्याने विचारले नसते तर आपल्यापर्यंत केवळ एक शाप पोहोचला असता.

हसन अब्दाल येथील पंजा साहिबची कथा, जीत तहानलेला मर्दाना वली कंधारीच्या टेकडीवर तीनदा चढतो आणि तीनदा पाण्याविना परततो, ती आपणांस ठाऊकच असेल. गुरूंच्या तळहाताचा ठसा उमटलेली ती शिळा पाहावयास लोक जातात. तिसऱ्यांदा टेकडी चढणाऱ्या त्या माणसाचे पाय मला अधिक आठवतात.

आता मी एका अशा प्रसंगाकडे वळतो, ज्यात चमत्कार मुळीच नाही. बारा वर्षांच्या भ्रमणानंतर दोघे तळवंडीजवळ येतात आणि गावापासून दोन कोसांवर रानात थांबतात. मर्दाना म्हणतो की घरी जाऊन माणसे जिवंत आहेत की नाहीत एवढे पाहून येतो. गुरू परवानगी देतात, आणि सांगतात की काळूंच्या घरीही जा, पण आमचे नाव काढू नकोस. तो गावात जातो. लोक भोवती जमतात. नंतर तो गुरूंच्या घराच्या अंगणात जाऊन बसतो. आई, माता तृप्ता, त्याला पाहताच गळ्याशी धरून रडू लागते आणि माझा नानक कोठे आहे, असे विचारते. मर्दाना उडवाउडवीचे उत्तर देतो. फार काळ न बसता तो उठून चालू लागतो. आईच्या मनात येते, हा इतक्या लगबगीने परत निघाला, तो कारणावाचून नव्हे. ती कपडे आणि मिठाई घेऊन त्याच्या मागोमाग निघते, वाटेत त्याला गाठते आणि मला माझ्या मुलाची भेट घडव, असे विनविते. मर्दाना एक शब्दही बोलत नाही. तो चालत राहतो. ती मागून चालत राहते. अशा रीतीने ती दोन कोस चालून मुलापाशी येते.

मर्दान्याने गुरूंची आज्ञा मोडली काय? तो काहीच बोलला नाही, म्हणून मोडली नाही. त्याने आईला मार्ग दाखविला काय? तो केवळ चालला. पण तिला वाट चुकेल इतक्या वेगाने चालला नाही. आज्ञापालन आणि दया या दोहोंमधील अरुंद पायवाटेवरून तो ज्या कौशल्याने गेला, त्याला मी शिष्यत्वाची परीक्षा म्हणेन. गुरूंनी त्याला दोष दिल्याचे कथेत कोठेही नाही.

दुसरा मोठा प्रसंग सैदपूरचा. आजचे एमनाबाद ते हेच. १५२०-२१ च्या सुमारास बाबराच्या सैन्याने हे नगर लुटले. त्या संहारावर गुरूंनी जी पदे रचली ती 'बाबरवाणी' म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांत केवळ आक्रमकाची निंदा नाही. प्रजेचे रक्षण न करणाऱ्या राज्यकर्त्यांची निर्भर्त्सना आहे आणि प्रत्यक्ष परमेश्वरालाही जाब विचारलेला आहे. जनमसाखी सांगते की या दोघांनाही बंदिवान करण्यात आले. गुरूंच्या डोक्यावर ओझे दिले गेले आणि मर्दान्याच्या हाती घोड्याचा लगाम. वाटेत स्त्रियांचा आक्रोश ऐकून गुरूंना पद स्फुरते आणि ते मर्दान्याला रबाब वाजविण्यास सांगतात. मर्दान्याची अडचण साधी आहे : हात घोड्यात गुंतले आहेत. घोडा सोडून दे, असे गुरू म्हणतात. कैद्याने लगाम सोडणे म्हणजे काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पुढे घोडा आपोआप मागे चालू लागतो वगैरे चमत्कार आहे. तो आपण मानावा किंवा न मानावा. तो घडण्यापूर्वीचा जो क्षण आहे, लगाम सुटला आहे आणि स्वर अजून लागलेला नाही, तेथे मर्दान्याजवळ गुरूंच्या शब्दाखेरीज दुसरा आधार नव्हता. त्याने सोडला आणि वाजविले.

प्रवास संपल्यावर गुरूंनी रावीच्या तीरावर कर्तारपूर वसविले. तेथे त्यांनी संन्याशाची वस्त्रे उतरविली आणि शेती केली. नाम जपावे, कष्टाने कमवावे आणि वाटून खावे, या तीन गोष्टींवर त्या वस्तीचे जीवन उभे होते. तेथील पंगतीत जातीची विचारपूस नव्हती. पहाटे आणि संध्याकाळी कीर्तन होई. मर्दान्याची अखेरही येथेच १५३४ मध्ये झाली, अशी एक परंपरा आहे. दुसरी परंपरा ती अफगाणिस्तानच्या वाटेवर कुर्रम नदीकाठी झाली असे मानते. कर्तारपूरच्या परंपरेतील संवाद असा आहे. अंत जवळ आला तेव्हा गुरूंनी विचारले की तुझ्या देहाचे काय करावे. कोणी तो जलात सोडतात, कोणी अग्नीस देतात, कोणी भूमीस. मर्दाना म्हणाला की देहाचा अभिमान आता उरलेला नाही, आपणांस रुचेल ते करावे. तुझे नाव राहावे म्हणून समाधी बांधू काय, असे विचारता त्याने उत्तर दिले की शरीराच्या थडग्यातून आत्ता कोठे सुटतो आहे, पुन्हा दगडाच्या थडग्यात कशाला घालता? देह रावीच्या प्रवाहात सोडण्यात आला. अखेरचा प्रश्न या वेळी गुरूंचा होता आणि उत्तर मर्दान्याचे, हे आपल्या लक्षात आले असेल. त्याचा मुलगा शहजादा याने पुढे रबाब हाती घेतली.

येथपर्यंतची कथा मधुर आहे. पुढची सांगितली नाही तर मर्दान्यावर अन्याय होईल.

त्याच्यानंतर गुरूंच्या दरबारी गाणाऱ्या मुसलमान रबाबींची एक मोठी परंपरा निर्माण झाली. सत्ता आणि बलवंड या दोघा गायकांची रामकली रागातील वार ग्रंथात समाविष्ट आहे. याच दोघांनी एकदा धनाच्या मागणीवरून गाण्यास नकार दिला, गुरूंचा उपमर्द केला आणि पुढे पश्चात्ताप केला, अशीही कथा आहे. त्या वेळी गुरू अर्जुनांनी शिखांना स्वतःच गावयास सांगितले. गायन ही एका जातीची मिरास न राहता साऱ्या संगतीची झाली, ही इष्टच गोष्ट होती. तरीही रबाबी घराणी टिकून राहिली. अमृतसरच्या हरमंदिर साहिबात १९४७ पर्यंत मुसलमान रबाबी कीर्तन करीत असत. त्यांतील अनेकजण आपले कूळ मर्दान्यापर्यंत नेऊन पोहोचवीत.

१९४७ मध्ये पंजाबची फाळणी झाली आणि या घराण्यांपैकी बहुतेकांना सीमेपलीकडे जावे लागले. लाहोरमध्ये त्यांना ना तो दरबार उरला, ना ते श्रोते. गुरूंच्या पदांच्या शेकडो बंदिशी ज्यांच्या कंठात होत्या, त्यांच्या मुलांनी पोटासाठी अन्य व्यवसाय धरले. इकडे, १९४५ मध्ये मान्यता मिळालेल्या 'सिख रहित मर्यादा' या आचारसंहितेत संगतीत कीर्तन शिखानेच करावे असा नियम आहे. त्या नियमामागे एका धर्मसमाजाची स्वतःची शिस्त आहे आणि ती ठरविण्याचा त्याला अधिकार आहे, हे मी मान्य करतो. परंतु ज्या नियमानुसार स्वतः मर्दान्याच्या वंशजाला त्या आसनावर बसता येऊ नये, तो वाचताना मन थोडे थबकते, हेही मला लपवावेसे वाटत नाही. वाद्याचीही कथा फारशी निराळी नाही. हार्मोनियमने रबाबेला कीर्तनातून जवळजवळ हद्दपार केले. २०२२ मध्ये अकाल तख्ताने हरमंदिर साहिबातील कीर्तनात तंतुवाद्ये पुन्हा आणावीत असा निर्देश दिला, आणि तरुण गायकांच्या हाती रबाब पुन्हा दिसू लागली.

आता शेवटचा मुद्दा. गुरू ग्रंथ साहिबात पंढरपूरचे नामदेव, काशीचे कबीर आणि रविदास, पाकपट्टणचे शेख फरीद यांची वाणी आहे, हे आपण जाणता. बिहागडा रागाच्या वारेत तीन श्लोक असे आहेत की त्यांच्या शीर्षकात मर्दान्याचे नाव येते. ते त्याने रचले की गुरूंनी त्याला उद्देशून रचले, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. विषय मद्याचा आहे. कलियुगाच्या भट्टीत वासनेची दारू गळते, क्रोधाचा पेला मोहाने भरलेला असतो आणि अहंकार तो पिणाऱ्यांना पाजतो, असे रूपक त्यांत आहे. त्याच्याविरुद्ध सत्याच्या गुळापासून काढलेल्या दुसऱ्या मद्याची स्तुती आहे. गावोगावच्या मैफली पाहिलेल्या, यजमानांच्या ओसरीवर रात्री जागविलेल्या मिरासीला हे रूपक परके वाटले नसेल. ग्रंथाची पृष्ठसंख्या १४३० आहे आणि हे श्लोक ५५३ व्या पृष्ठावर आहेत. अखंड पाठाला सुमारे ४८ तास लागतात. वाचणारे आळीपाळीने बदलत राहतात, आणि त्या पृष्ठाशी ज्याची पाळी येते तो, रात्र असो वा दिवस, मर्दान्याचे नाव उच्चारून पुढे जातो.